घाटात पिकअप जातो, गावात सगळं ठीक... चेक इंजिन लाइट, टर्बो आणि वॉरंटी (नाशिककर जाणकारांनी बोला)

पाथर्डीफाटा:
नमस्कार मंडळी, एरवी वाचनमात्र असतो, आज अडलोय म्हणून धागा काढतोय. गाडी कॉम्पॅक्ट एसयूव्ही, तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअर. कंपनीचं आणि शोरूमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच धाग्याचं कुरुक्षेत्र नको. वॉरंटी तीन वर्षांची, ती संपायला दीडेक महिना राहिलाय.

तर मुंबईहून येताना कसारा घाटात, गाडीत पाच माणसं, डिक्की फुल्ल, एसी चालू, तिसऱ्या गिअरला मस्त ओढत होती आणि एका वळणानंतर पिवळा इंजिनचा दिवा लागला आणि गाडीचा जीवच गेला. ॲक्सिलरेटर पार खाली दाबला तरी ढिम्म, मागून कंटेनरवाला हॉर्न मारतोय, घरचे एकदम चिडीचूप. कसाबसा वर आलो, इगतपुरीला बाजूला घेऊन बंद केली, चहा घेतला, परत स्टार्टर मारला तर गाडी नॉर्मल! दिवा तेवढा तसाच.

सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी स्कॅनर लावला, दिवा घालवला आणि म्हणाले साहेब पेट्रोलमध्ये भेसळ आहे. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनिंग, वर एक बाटली ॲडिटिव्ह, असे मिळून सहा हजार घेतले. हे म्हणे वॉरंटीत नाही कारण "फ्युएल रिलेटेड". पुढच्या घाटात परत तेच. आता म्हणतात टर्बो गेला असेल, वॉरंटीत बसतं का ते कंपनीला विचारून कळवतो. सिडको, कॉलेज रोड, गंगापूर रोड कुठेही फिरवा, काहीच त्रास नाही. हे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे तर नाही ना?

मिसळ_तर्री_मारके:
घाटात तर आमचाही पिकअप जातो, आम्हाला कोणी वॉरंटी देत नाही. असो, वाचतोय.

पाना_नंबर_१३:
भाऊ, पहिला प्रश्न: कोड काय होता? "स्कॅनर लावला" हे सगळेच सांगतात, पण स्कॅनरवर काय आलं ते कागदावर कुणी देत नाही. पी ने सुरू होणारा चार आकडी कोड असतो, तो जॉब कार्डावर लिहिलेला असायला हवा. आणि कोडसोबत गाडीचा कॉम्प्युटर त्या क्षणाचा फोटो काढून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पडला तेव्हा स्पीड किती, आरपीएम किती, इंजिनवर लोड किती, कूलंट किती गरम, सगळं त्यात. यांनी कोड खोडला म्हणजे तो फोटोही गेला. घाटातल्या तक्रारीचा एकमेव साक्षीदार यांनी स्वतःच्या हाताने पुसला आणि मग भेसळीचं नाव पुढे केलं.

(मी आधी एका कंपनीच्या वर्कशॉपला होतो, आता अंबडला स्वतःचं गॅरेज आहे. जाहिरात नाही, पत्ता विचारू नका.)

मखमलाबादकर:
आमच्या मारुती ८०० ला काय होतं? कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, पॉइंट. घाटात बंद पडली तर रुमाल ओला करून इंजिनाशेजारच्या पेट्रोलच्या पंपावर टाकायचा आणि पुढे जायचं. आता गाडीत कॉम्प्युटर घातले आणि माणूस लाचार झाला. दिवा लागला की शोरूम, शोरूम म्हणजे पाच हजार. हे सगळं ग्राहकाला बांधून ठेवण्यासाठीच केलेलं आहे असं माझं स्पष्ट मत.

पाना_नंबर_१३:
@मखमलाबादकर काका, रुमाल मीही टाकलाय 😄 पण अर्धंच खरं आहे तुमचं. शोरूमचं म्हणणं मान्य, कॉम्प्युटरचं नाही.

बघा, ३००० आरपीएमला तीन सिलिंडरचं इंजिन सेकंदाला ७५ वेळा पेटतं. त्या प्रत्येक वेळेला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतो की इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा आणि स्पार्क नेमका कधी द्यायचा. क्रँक सेन्सर सांगतो पिस्टन कुठे आहे, मॅप सेन्सर सांगतो मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब किती, नॉक सेन्सर इंजिन ठोकतंय का ते ऐकत असतो, ठोकायला लागलं की टायमिंग मागे घेतलं जातं. आणि सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो तो जळून झाल्यावर किती ऑक्सिजन उरला ते बघतो. साध्या पेट्रोलला एक किलोला १४.७ किलो हवा लागते. उरलेला ऑक्सिजन जास्त दिसला की ईसीयू पेट्रोल वाढवतो, कमी दिसला की कमी करतो, हे सतत चालू. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात आणि ते आकडे दोनशे-पाचशे नाही पण हजाराच्या आत मिळणाऱ्या ब्लूटूथच्या डबीवर मोबाइलमध्ये दिसतात. स्टिअरिंगखाली १६ पिनचं सॉकेट असतं, त्यात लावायची. म्हणजे कार्ब्युरेटरच्या गाडीत आम्ही अंदाजाने जे स्क्रू फिरवायचो ते आता गाडी स्वतः करते आणि वर काय केलं तेही सांगते. विचारायला आपण शिकलं पायजे एवढंच.

आणि एक, दिवा स्थिर पिवळा असेल तर गाडी हळू चालवून घरी आणता येते. दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर आहे, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा भाग) जाऊन त्याला भाजून काढतं. तेव्हा पाय काढायचा आणि लवकर थांबायचं. हे लायसन्स देताना शिकवायला हवं खरं तर.

पाथर्डीफाटा, ती डबी घ्या, परत एकदा घाट चढा आणि कोड आला की खोडू नका. आधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट.

टॉर्क_रेंच:
ई२० बद्दल: इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. मायलेजला थोडा फटका बसतोच, कोणी काही म्हणो. इथेनॉलला हवा कमी लागते म्हणून ई२० ला ते १४.७ चं प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं, ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू ते जुळवून घेतो. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबर, सील वगैरे ई२० ला चालतील असे दिलेत, त्याआधीच्या गाड्यांचा वाद वेगळा, त्याच्यावर स्वतंत्र धागा काढा. पण "गावात ठीक, घाटात दम नाही, बंद करून चालू केली की परत ठीक" हे पेट्रोलचं लक्षण वाटत नाही. खराब पेट्रोल गावातही त्रास देईल, सकाळी स्टार्टिंगला कुरकुर करेल, ठोकेल.

पाथर्डीफाटा:
डबी मागवली. घाटासाठी मुद्दाम समृद्धी सोडून जुन्या हायवेने आलो (समृद्धीच्या बोगद्यातून आलं तर कसारा घाट लागतच नाही). अपेक्षेप्रमाणे त्याच टप्प्यात दिवा. स्क्रीनशॉट टाकता येत नाहीये म्हणून लिहितो: कोड पी०२९९. स्पीड ४६, आरपीएम २६००, लोड ९४ टक्के, कूलंट ९६. ॲपमध्ये लिहिलंय टर्बो अंडरबूस्ट. म्हणजे शोरूमवाले बरोबर? टर्बो गेला??

पाना_नंबर_१३:
थांबा थांबा. कोड म्हणतोय दाब कमी पडला. टर्बो गेला असं तो कुठेही म्हणत नाही. कोड पार्टचं नाव सांगत नाही, तक्रार सांगतो. कोड बघून थेट पार्ट बदलणारा मेकॅनिक आणि नाडी न बघता ऑपरेशनला घेणारा डॉक्टर, सारखेच.

आता हवेचा रस्ता नीट समजून घ्या म्हणजे शोरूमला जाऊन बोलता येईल. एअर फिल्टरमधून हवा टर्बोच्या कॉम्प्रेसरकडे जाते. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर टर्बोचं एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक हवा दाबतं. दाबलेली हवा गरम होते म्हणून ती इंटरकूलरमधून, म्हणजे पुढच्या बंपरमागच्या जाळीतून गार करून, मग थ्रॉटल आणि मॅनिफोल्ड. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते थ्रॉटल असे जाड रबरी होज असतात, दोन्ही टोकांना क्लिप. थ्रॉटलच्या अलीकडे एक प्रेशर सेन्सर. ईसीयूला माहीत असतं की या लोडला इतका बूस्ट हवा. मागितला एवढा आणि मिळाला त्याहून बराच कमी, असं काही सेकंद सलग दिसलं की तो पी०२९९ टाकतो आणि इंजिनला इजा होऊ नये म्हणून ताकदच छाटतो. हा लिंप मोड. चावी बंद-चालू केली की तो पुन्हा नव्याने प्रयत्न करतो, म्हणून तुमची गाडी चहानंतर शहाणी झाली.

गावात तुम्ही लोडच देत नाही, बूस्ट जवळपास लागतच नाही, त्यामुळे होजला केसाएवढी चीर असली तरी कळत नाही. घाटात पूर्ण बूस्ट मागितला की चीर तोंड उघडते. शिवाय नाशिक इगतपुरी म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर, दर १०० मीटरला हवा जवळपास एक टक्का विरळ होते, ती तूट साध्या इंजिनात तशीच राहते, टर्बोवाल्यात टर्बोला जास्त फिरून भरून काढावी लागते. म्हणजे घाटाच्या वरच्या अंगाला त्याच्यावर सगळ्यात जास्त ताण.

कारणं स्वस्तापासून महागाकडे बघायची: एअर फिल्टर चोंदलाय का, होजची क्लिप सैल आहे का, होज फाटलाय का, वेस्टगेटचा (जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) ॲक्च्युएटर, म्हणजे ती झडप हलवणारा भाग, अडकतोय का, प्रेशर सेन्सर घाणीने खोटं बोलतोय का. टर्बो सगळ्यात शेवटी.

तुम्ही स्वतः करू शकता असं एक काम: गाडी पूर्ण गार झाल्यावर बॉनेट उघडा, मोबाइलची बॅटरी लावून इंटरकूलरच्या दोन्ही टोकांच्या होजच्या खालच्या बाजूला बोट फिरवा. इंजिनाच्या ब्रीदरमधून थोडी ऑइलची वाफ टर्बोत ओढली जातेच, आतून पातळ थर असणं नॉर्मल. पण बाहेरून ओलसर काळा ओघळ आणि त्याला धूळ चिकटलेली दिसली तर हवा तिथूनच निसटतेय.

आणि हे लांबवू नका. गळती असली की टर्बो बिचारा दाब भरून काढायला गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरतो. आज होज आहे, असंच रेटलं तर उद्या खरंच टर्बो जाईल.

बागाईतदार_दिंडोरी:
धागाकर्त्याची माफी मागून मध्येच घुसतो. माझी डिझेल आहे बीएस६, आधी मळा ते नाशिक रोजचं होतं, तेव्हा काही नाही. आता मुलाच्या शाळेसाठी गंगापूर रोडला राहायला आलो, गाडी घर ते शाळा ते मार्केट एवढीच फिरते आणि डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणारी जाळी) दिवा लागतो. मित्र म्हणतो ते काढून टाक आतून पोकळ करून मिळतं, मायलेज पण वाढतं. करू का?

टॉर्क_रेंच:
नका करू! बीएस६ हा प्रदूषणाचा नियम एप्रिल २०२० ला आला तेव्हापासून डिझेलला काजळी अडवणारी ती जाळी आहे. काजळी साठली की गाडी ती जाळून टाकते, त्याला जाळीत ५५०-६०० डिग्री तापमान लागतं. हायवेला ते सहज होतं. गावातल्या पाच-सहा किलोमीटरच्या फेरीत सायलेन्सर तापतच नाही, गाडी जाळायला सुरुवात करते आणि तुम्ही शाळेच्या गेटवर चावी बंद करता. असं सारखं झालं की दिवा.

जाळण्यासाठी ईसीयू पॉवर स्ट्रोकनंतर थोडं जास्तीचं डिझेल सोडतो, त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून अर्धवट जाळणी वारंवार झाली तर डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं. लोक खुश होतात की गाडी ऑइल खात नाही, प्रत्यक्षात ते डिझेल मिसळून पातळ झालेलं असतं. तुम्ही आज डिपस्टिक बघाच.

उपाय सोपा: आठवड्या-पंधरवड्यातून एकदा आग्रा हायवेने पिंपळगाव बसवंत टोलपर्यंत जाऊन या, ६०-८० चा वेग, एक गिअर खालचा, आरपीएम २००० च्या आसपास, मध्ये थांबायचं नाही, वीसेक मिनिटं. गाडी थांबवल्यावर फॅन जोरात चालू आणि जळका वास असेल तर समजा जाळणी चालू आहे, अजून थोडं फिरवा मग बंद करा. ऑइल कमी राखेचंच टाका, मॅन्युअलमध्ये ग्रेड दिलेला असतो, कारण काजळी जळते पण ऑइलची राख जळत नाही, ती कायमची बसते.

जाळी काढणं बेकायदेशीर, वर वॉरंटी गेलीच.

पाना_नंबर_१३:
+१. आणि एक, शाळा-मार्केटच वापर असेल तर पुढची गाडी डिझेल घेऊ नका. शोरूमचा सेल्समन हे सांगणार नाही. कॉमन रेल डिझेलमध्ये इंजेक्टरला १६०० ते २००० बारचा दाब असतो, नोझलची भोकं जवळपास केसाएवढी बारीक. आपल्या सातपूरला बॉशच्या कारखान्यात असले नोझल-इंजेक्टर बनतात, तिथे काम केलेल्या कुणालाही विचारा मायक्रॉनचा हिशेब काय असतो. ते मशीन लांब पल्ल्याला बनवलंय, शाळेच्या गेटला नाही.

बागाईतदार_दिंडोरी:
डिपस्टिक बघितली, कमालच्या खुणेच्या वर आहे 😳 उद्याच ऑइल बदलतो. धन्यवाद दोघांनाही, द्राक्षाच्या सीझनला या मळ्यावर.

मिसळ_तर्री_मारके:
मी पण येतो, मी पण धागा वाचलाय.

पाथर्डीफाटा:
अपडेट. बोट फिरवलं. ड्रायव्हरच्या बाजूचा, इंटरकूलरमधून वर थ्रॉटलकडे जाणारा होज, त्याच्या खालच्या क्लिपच्या अगदी कडेला चिकट काळा ओघळ, वरून बोट ठेवलं तर काही नाही, खालून वाकवलं तर चीर बोटाला लागते. फोटो काढले. शोरूमला गेलो, स्मोक टेस्ट करा म्हटलं तर सल्लागार माझ्याकडे बघतच बसला, मग आतल्या सीनियर माणसाला बोलावलं, त्याने मात्र लगेच केली. धूर बरोब्बर तिथूनच.

आता नवीन नाटक: "साहेब होज रबर पार्ट आहे, रबर पार्ट वॉरंटीत येत नाही." आणि आधीच्या सहा हजारांबद्दल तर विषयच काढू देत नाहीत.

कलम_३५:
इथे जरा मी बोलतो. वॉरंटीचं पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये असतं, तोंडी वाक्यावर जाऊ नका. बहुतेक पुस्तकांत वगळलेल्या गोष्टी अशा असतात: ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, बल्ब, फिल्टर, आणि रबरी भागांची "वापराने होणारी नेहमीची झीज". झीज आणि दोष यात फरक आहे. वॉरंटीच्या मुदतीत, सगळ्या सर्व्हिस वेळेवर झालेल्या गाडीचा बूस्ट होज क्लिपच्या कडेला फाटला, त्याने गाडी घाटात मरतेय, तर ती वायपरसारखी झीज आहे हे त्यांनी दाखवावं. नकार असेल तर लेखी द्या म्हणा, कारणासकट, पुस्तकातला कुठला मुद्दा तेही लिहून. लेखी मागितलं की निम्मे नकार तिथेच विरघळतात, हा अनुभव आहे.

दुसरं, मुदत संपत आलीय म्हणून घाबरू नका, पण तक्रार मुदतीच्या आत जॉब कार्डावर आलेली पाहिजे. फोनवर सांगितलेलं कुठेच नसतं. पहिल्या वेळेचं जॉब कार्ड आहे ना? त्यात "घाटात पिकअप कमी" असं लिहिलंय का बघा, असेल तर भेसळीवाल्या सहा हजारांचा मुद्दाही जिवंत आहे, कारण त्याच तक्रारीचं चुकीचं निदान झालं.

पायरी: आधी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, सोबत फोटो, कोड, जॉब कार्ड. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मग जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता तिथे म्हणजे नाशिकलाच करता येते, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पण इतकं करायची वेळ बहुधा येणार नाही.

मखमलाबादकर:
वकीलसाहेब, बाहेरच्या गॅरेजला नुसतं चाक जरी काढलं तरी वॉरंटी गेली असं हे लोक सांगतात ते खरं का?

कलम_३५:
सरसकट खरं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड लावला होता, स्पेअर पार्ट आणि रिपेअरची माहिती बाहेरच्या गॅरेजना न देण्यावरून, आणि त्यात असंही म्हटलं होतं की बाहेर काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका. कंपन्या अपिलात गेल्या, कोर्टबाजी लांबली. व्यवहारात सांगायचं तर बाहेर टायर, अलाइनमेंट, बॅटरी केली म्हणून इंजिनाचा क्लेम नाकारणं टिकणार नाही. पण बाहेर ऑइल बदललं आणि पुढे बेअरिंग गेलं तर तुम्हाला योग्य ग्रेडचं ऑइल टाकल्याचं बिल दाखवावं लागेल. म्हणून वॉरंटीत असेपर्यंत पिरिऑडिक सर्व्हिस तिथेच करा, बाकी कामाला स्वातंत्र्य आहे.

पाना_नंबर_१३:
यात माझी भर, माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांचे क्लेम नेमके कशावर अडकतात ते सांगतो.

सगळ्यात जास्त लोक "दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, आधी जे येईल ते" यातलं वर्ष विसरतात. गाडी चार हजारच फिरलीय, कशाला सर्व्हिस? आणि मग दीड वर्षाने इंजिनात काही निघालं की कंपनी पहिलं पान तेच उघडते. टर्बो गाडीत तर हे जास्तच महत्त्वाचं, टर्बोचा दांडा फक्त ऑइलच्या थरावर फिरतो आणि कमी फिरणाऱ्या गाडीत ऑइल जास्त खराब होतं कारण ते पुरेसं तापतच नाही.

मग वायर कापून बसवलेले हॉर्न, एलईडी, डॅशकॅम. इलेक्ट्रिकल बिघाडाला लगेच बोट तिकडे. कपलरवाला किट घ्या, ओरिजिनल वायरला ब्लेड लावू देऊ नका. पावसाळ्यात उंदरांनी वायर खाल्ली तर ती वॉरंटीत नसते, इन्शुरन्समध्ये बघा, आपल्याकडे कांद्याच्या चाळीजवळ गाडी लावणाऱ्यांची दर वर्षी रांग लागते माझ्याकडे.

आणि रीमॅप. पोरं पैसे देऊन ईसीयूचा प्रोग्राम बदलतात, सर्व्हिसच्या आधी जुना परत टाकतात आणि समजतात कळणार नाही. बऱ्याच ईसीयूमध्ये किती वेळा लिहिलं गेलं त्याची नोंद राहते. इंजिन गिअरबॉक्सची वॉरंटी तिथेच संपली.

उलट एक गोष्ट कोणी मागत नाही ती मागा: प्रत्येक सर्व्हिसला "इंजिन आणि गिअरबॉक्सचं काही सॉफ्टवेअर अपडेट आलंय का" हे विचारा. वॉरंटीत ते सहसा फुकट असतं आणि धक्के मारणारा ऑटोमॅटिक कितीतरी वेळा नुसत्या अपडेटने सरळ होतो.

पाथर्डीफाटा:
लेखी नकार मागितला. दोन दिवस शांतता, मग फोन, "गुडविलमध्ये करून देतो". गुडविल नको, वॉरंटी लिहा म्हटलं (वर वाचून शहाणा झालोय), शेवटी वॉरंटीच लिहिलं. होज आणि दोन्ही क्लिप बदलल्या. घाट चढून आलो, पाच माणसं, एसी, चौथ्या गिअरला सुद्धा ओढते. सहा हजारांचं ईमेल केलंय, उत्तर आलेलं नाही. सगळ्यांचे आभार, एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊ का तेवढं सांगा.

टॉर्क_रेंच:
टर्बो किंवा ऑटोमॅटिक असेल तर घ्या, साधं इंजिन मॅन्युअल असेल तर मी नाही घेणार. पण मूळ मुदत संपायच्या आधी घ्यावी लागते, नंतर एकतर मिळत नाही किंवा तपासणीची भानगड. आणि कंपनीची स्वतःची आहे का, शोरूमने विकलेली दुसऱ्याच कुणाची आहे ते कागदावर बघून घ्या.

स्वरा_नाशिकरोड:
धागा चांगला चाललाय म्हणून माझंही विचारते. माझी एएमटी आहे, दोन पेडलची. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाताना गर्दीत रांग लागली होती, चढावर थांबत थांबत गेलो, वर पोचेपर्यंत क्लच जळाल्यासारखा वास. माझ्या गाडीला क्लचच नाही ना? शोरूमवाले म्हणाले चालवण्यात चूक आहे, क्लच वॉरंटीत नाही.

पाना_नंबर_१३:
तै, क्लच आहे. फक्त तुमच्या पायाखाली नाही. एएमटी म्हणजे आतून अगदी साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधी क्लच प्लेट, त्यावर ॲक्च्युएटर बसवलेत आणि एक कॉम्प्युटर ते दाबतो-सोडतो. आपल्याकडे २०१४ ला सेलेरिओत पहिल्यांदा आली, स्वस्त म्हणून लोकप्रिय झाली. चढावर तुम्ही ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवलीत, की कॉम्प्युटर क्लच अर्धा दाबून ठेवतो आणि प्लेट घासत राहते. वास तोच. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये ऑइल असतं, तिथे हा घासायचा प्रकार नाही. ड्राय क्लचवाल्या ड्युअल क्लचमध्ये मात्र हीच कथा, रांगेत सरकत राहिलं की तापल्याचा मेसेज येतो.

म्हणून चढावर थांबलात की पूर्ण ब्रेक किंवा हँडब्रेक. पुढची गाडी दोन फूट सरकली म्हणून आपण सरकायचं नाही, दहा-पंधरा फूट जागा होऊ द्यायची मग एका दमात जायचं. गडावर एम (मॅन्युअल) मोड टाकून पहिल्या गिअरला राहा, नाहीतर तो पहिला-दुसरा-पहिला करत बसतो. श्रावणात सोमवारी त्र्यंबकला पण हेच.

आता वॉरंटी. प्लेट झिजणारी वस्तू, ती नाही मिळणार. पण ॲक्च्युएटर आणि गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट (टीसीयू) वॉरंटीत येतात. एकदाच्या वासाने काही होत नाही, पण त्यानंतर सपाट रस्त्यावर पण धक्का बसतोय का, पहिल्या गिअरला उशिरा पकडते का ते बघा. तसं असेल तर क्लचचा पकडण्याचा पॉइंट स्कॅनरने पुन्हा शिकवावा लागतो (क्लच ॲडॅप्टेशन), अर्ध्या तासाचं काम.

स्वरा_नाशिकरोड:
हो, द्वारका सिग्नलला सपाटीवर पण धक्का देतेय हल्ली. जॉब कार्डावर नेमकं काय लिहायला सांगू? माझ्याकडून ते नेहमी "जनरल चेकअप" लिहून सही घेतात.

पाना_नंबर_१३:
हे असंच्या असं सांगा: "गाडी गरम झाल्यावर सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरला सुटताना धक्का, डी मोडमध्ये, ब्रेक सोडल्यावर उशिरा पकडते. टीसीयूचे सगळे कोड फ्रीझ फ्रेमसह प्रिंट द्यावेत, क्लच ॲडॅप्टेशन करावे, सॉफ्टवेअर अपडेट तपासावे, सल्लागारासोबत टेस्ट ड्राइव्ह." तारीख, किलोमीटर आणि त्यांची सही. "जनरल चेकअप" खोडल्याशिवाय चावी देऊ नका आणि गाडी सकाळी गार असताना नेऊ नका, गार गाडी धक्का देणार नाही आणि ते म्हणतील प्रॉब्लेम सापडला नाही. नाशिकरोडहून दुपारच्या ट्रॅफिकमधून घेऊन जा.

स्वरा_नाशिकरोड:
शनिवारी जाते, कळवते इथेच.